त्यांच्या नावाची मूठ

कानबाईसाठी माय गहू काढायला बसते तेव्हा मी कधी तिच्याजवळ नसते. लग्न होऊन गेलेल्या लेकीचं तिथे काही काम नसतं. यंदा मात्र मी जळगावहून रजा टाकून माहेरी गेले आणि तिच्यासमोर फतकल मारून बसले. ती एका माणसाच्या नावाची मूठ काढणार नाही अशी मला भीती वाटत होती. काढेल अशीही वाटत होती, आणि ती भीती जास्त मोठी होती.

मुठीचं आधी सांगायला हवं. श्रावणात आमच्या खानदेशात घरोघर कानबाई ही देवी बसते. तिच्या नैवेद्याला रोट करतात, म्हणजे गव्हाच्या पिठाच्या जाडसर पुऱ्याच. हे गहू मापाने घेत नाहीत. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने मूठभर गहू सुपात टाकायचे. अगदी पाळण्यातल्या पोराचीही मूठ असते. ते रोट भाऊबंदकीनेच खायचे. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, त्याला द्यायचे नाहीत. पौर्णिमेच्या आत संपवायचे, आणि उरलेच तर खड्डा करून पुरायचे. आमच्याकडे लग्न झालेल्या लेकीलाही चालत नाहीत. मी इतिहासात पीएचडी केली, महाविद्यालयात शिकवते, जळगावच्या पिंप्राळ्यात स्वतःच्या नावावर घर घेतलं, पण लग्नानंतर माहेरचा रोट माझ्या तोंडाला लागलेला नाही. याचा मला दरवर्षी राग येतो आणि दरवर्षी मी तो गिळते.

ज्यांच्या मुठीसाठी मी गेले होते ते आमच्या भाऊबंदकीतले नव्हते, गावातले नव्हते, देशातलेही नव्हते. ते पश्चिम आफ्रिकेतले इतिहासकार. मी त्यांना सर म्हणते. त्यांच्या देशाचं नाव इथे लिहीत नाही. कोण कुठे बसून काय वाचत असेल सांगता येत नाही, आणि मी भित्री बाई आहे.

सरांचा जन्म कापूस आणि बाजरी पिकवणाऱ्या गावातला. तिथून राजधानीत, मग परदेशात शिकले आणि परत येऊन आपल्याच विद्यापीठात लागले. त्यांचा विषय एकच होता. एखादं गाव वसतं तेव्हा आधी कोण आलं, मागून कोण आलं, आणि मागून आलेले ‘आम्हीच पहिले’ असं कधीपासून म्हणायला लागतात. त्यासाठी ते घरोघर फिरून लोकांच्या पिढ्यांची नावं विचारत. पुढे विभागप्रमुख झाले, शाळेची पुस्तकं करणाऱ्या समितीवर गेले. रेडिओवर त्यांचा कार्यक्रम लागायचा, त्यात म्हातारी माणसं आपापल्या गावाची गोष्ट सांगायची. भाजी घ्यायला गेले तरी लोक आवाजावरून ओळखायचे, असं ते जरा फुशारकीनेच सांगत.

मग दोन घराण्यांमध्ये जमिनीवरून तंटा झाला आणि सरकारने नेमलेल्या चौकशीपुढे सरांची साक्ष झाली. सरांनी जे होतं ते सांगितलं: मानाचं घराणंसुद्धा पाहुणं म्हणूनच आलं होतं, त्याला जागा दिली ती दुसऱ्यांनी. त्याच आठवड्यात विद्यापीठातल्या त्यांच्या घरावर जमाव आला. गाडी उलथवली, खोलीभर ध्वनिफिती जाळल्या. सर मागच्या भिंतीवरून उडी मारून वाचले. शेजारी सगळे प्राध्यापकच राहत होते, पण एकानेही दार उघडलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं ते देशोदेशीच्या विद्यापीठांत पाहुणे म्हणून शिकवत राहिले. असेच पुण्याला आले होते. तिथल्या एका कार्यशाळेत मी खानदेशातल्या गावांच्या वसण्यावर निबंध वाचला. तो संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, मला तुमची गावं बघायची आहेत.

गेल्या श्रावणात ते आले. जळगावला आमच्या महाविद्यालयात व्याख्यान ठेवलं. प्राचार्यांनी त्यांची ओळख दक्षिण आफ्रिकेचे थोर विद्वान अशी करून दिली आणि वर क्रिकेटवर दोन वाक्यं बोलले. सर मला हळूच म्हणाले, निदान खंड बरोबर सांगितला. एका विद्यार्थ्याने विचारलं, आफ्रिकेत राजे होते का? सर म्हणाले, होते, आणि त्यांची स्तुती गाणारे भाटही होते, म्हणून तर माझं काम अवघड झालं. पोरं हसली. मीही हसले. इतकं निर्धास्त मी त्यानंतर हसलेले नाही.

मग त्यांना मी धुळे जिल्ह्यातल्या माझ्या माहेरी नेलं. माझे वडील नाहीत. माय धाकट्या भावाजवळ राहते. तिने सरांना बाजरीची भाकरी वाढली. सर म्हणाले, हे धान्य मूळचं आमच्याकडचं, हजारो वर्षांपूर्वी तुमच्याकडे आलं. मी ते मायला सांगितलं. माय म्हणाली, “मंग तुमी काबर इतला उशीर ऊनात?” मग तुम्ही इतक्या उशिरा का आलात, असं विचारणारं ते वाक्य सरांनी माझ्याकडून तीन-चारदा म्हणवून घेतलं आणि पाठ केलं. भाषा उचलण्यात माणूस भारी तयारीचा होता.

दुसऱ्या दिवशी माय मुठी काढायला बसली. सर समोर खाटेवर बसलेले. त्यांची कामाची एक पद्धत होती. सांगणारा नाव सांगतो, ते आपण मोठ्याने परत म्हणायचं, म्हणजे सांगणाऱ्याची लय तुटत नाही आणि पुढचं नाव आपोआप येतं. माय भावाचं नाव घेई, सर ते म्हणत. माय पुतण्याचं घेई, सर तेही म्हणत. असं सगळ्या घरांचं झालं. माय रंगात आली होती. शेवटचं नाव झालं, तिने मान वर केली, समोर सर दिसले आणि तिने त्यांचं नाव घेऊन मूठ सुपात टाकली.

मग तिचा हात तसाच राहिला. गव्हात गहू मिसळले होते. पडलेली मूठ माघारी काढता येत नाही. माय माझ्याकडे बघून म्हणाली, “कोनले सांगू नको.”

ज्याची मूठ निघाली त्याने रोट खाल्लाच पाहिजे. कानबाई बसली, पूजा झाली, आणि मायने आतल्या खोलीत दार लोटून सरांना रोट वाढला. ताट मी नेऊन दिलं. त्यांनी मलाही घ्या म्हटलं तेव्हा मला चालत नाही हे समजावून सांगावं लागलं. सर आधी हसले आणि मग मान खाली घालून खायला लागले. मला राग आला होता, खरं सांगते. सातासमुद्रापलीकडचा माणूस आत आणि मी दारात उभी.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आम्ही शेजारच्या गावच्या आठवडी बाजाराला गेलो. त्या दिवसांत सगळ्यांच्या फोनवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे निरोप फिरत होते. मी ते वाचले होते, पुसलेही होते. सरांना सांगितले नव्हते, कारण घरच्या माणसांची अब्रू पाहुण्यासमोर कशाला काढा. बाजारात मी पाण्याची बाटली घ्यायला दुकानाशी थांबले. परत वळले तर वडाखाली माणसांचं कडं झालेलं.

सरांची दुसरी एक पद्धत होती. नव्या गावात ते सुरुवात मुलांपासून करत. म्हातारे जे सांगतात ते आधीच ठरलेलं असतं, मुलं जे सांगतात ते घरात खरोखर बोललं जातं, असं त्यांचं म्हणणं. ते वडाखाली उकिडवे बसले होते आणि मोडक्यातोडक्या अहिराणीत मुलांना विचारत होते, बापाचं नाव काय, आज्याचं काय, त्याच्या बापाचं काय. हातात आवाज टिपायचं यंत्र. याहून वाईट काही त्या दिवशी त्या बाजारात कुणी करू शकलं नसतं.

मी पोचले तेव्हा एकाने त्यांची कॉलर धरली होती. शर्ट फाटला होता, ओठातून रक्त येत होतं. “पोरेसले बापना नाव काबर इचारी ऱ्हायना हाऊ?” तो माणूस सगळ्यांना विचारत होता. मागून कुणीतरी दगड उचलला. लोक फोन वर धरून चित्रण करत होते, म्हणजे काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. मी ओरडले की हे प्राध्यापक आहेत, मी प्राध्यापक आहे. ओळखपत्र काढलं. ते कुणीतरी हातातून घेतलं आणि ते खोटं आहे असं म्हणालं. मी माहेरचं गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. दोघातिघांनी वडिलांना ओळखलं. तू त्यांची लेक असशील, पण हा कोण, त्यांनी विचारलं.

पाहुणा, मी म्हटलं. पाहुणा हा शब्द त्या गर्दीत किती हलका होता ते मला तेव्हा कळलं. टोळीवालेही पाहुणे म्हणूनच येतात, कुणीतरी म्हणालं, आणि एक काठी सरांच्या खांद्यावर बसली.

सर गुडघ्यावर आले. त्यांचे डोळे मी कधी विसरणार नाही. हे आपल्याबरोबर पूर्वी घडलेलं आहे आणि या वेळी मागे भिंत नाही, असं त्यांना दिसत होतं. मग ते बोलले. शब्द स्वच्छ होते. “मी कानबाईना रोट खादात.”

काठी थांबली. हे ऐकून चिडावं की हसावं अशा पेचात लोक पडले. कानबाईचा रोट बाहेरच्याला कुणी देत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. गुळाच्या दुकानावरचे एक नाना पुढे आले. “कोना घरना?” त्यांनी विचारलं. सरांनी माझ्या मायचं नाव सांगितलं.

नाना मला म्हणाले, लाव फोन. मी लावला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. घंटी वाजत होती. माय उचलणार नाही अशी भीती होती. उचलून नाही म्हणेल ही त्याहून मोठी. मायला इथलं काही दिसत नव्हतं. परका माणूस भर बाजारातून विचारतो आहे, तुमच्याकडे कानबाईचा रोट बाहेरच्याने खाल्ला का. कुठलीही बाई नाहीच म्हणेल. मीही म्हटलं असतं.

“अक्का, तुमना घर कोनी पाव्हना शे का?” नानांनी विचारलं. “तो म्हनस, तुमी त्याले रोट वाढात.”

मला माझं नाव ओरडून सांगायचं होतं, पण फोन नानांच्या हातात होता.

“पाव्हना नही,” माय म्हणाली. “तो मना घरना शे. त्याना नावनी मूठ मीच काढी. आते सोडा त्याले.”

त्यांनी सोडलं. कुणी माफी मागितली नाही. नानांनी सरांना पाणी दिलं, आणि ज्याने कॉलर धरली होती त्यानेच खाली पडलेला चष्मा उचलून माझ्या हातात ठेवला. आम्ही घरी आलो. सर ओट्यावर बसले. माय त्यांच्या खांद्याला हळद लावत होती आणि मी रडत होते.

तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ज्या जमिनीच्या तंट्यावरून त्यांच्या घरावर जमाव आला होता, त्याची चौकशी पुन्हा उघडायची होती आणि त्यांनाच प्रमुख म्हणून बोलावलं होतं. त्यांनी आधी नकार कळवला होता. भीतीनेच. आता जाणार म्हणाले. मी म्हटलं, आज एवढं झाल्यावर? ते म्हणाले, त्या वेळी माझ्या बाजूने कुणी बोललं नाही म्हणून मी पळालो, आणि पळाल्यावर मला वाटायला लागलं की कुणी बोलतच नसतं. मी त्यांना जाऊ नका म्हणून किती विनवलं. ऐकलं नाही.

इकडे मायची पंचाईत झाली. बाजारातली गोष्ट संध्याकाळच्या आत गावात पोचली. भाऊबंदकीतले थोरले आबा, माझे चुलते, दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, देव बाटवला. मायने पदर पुढे ओढला. मूठ पडली ती पडली, एवढंच म्हणाली. आबांनी वर्षभर आमच्या घराचा उंबरा ओलांडला नाही.

सर परत गेले. चौकशीचं काम सुरू झालं. रेडिओवरचा कार्यक्रमही पुन्हा लागला. ते मला फोनवर बोलून निरोप पाठवायचे. त्यात मायसाठी एक वाक्य असायचंच: “मंग तुमी काबर इतला उशीर ऊनात?” माय दर वेळी तितकीच हसायची. मग आषाढात त्यांच्या देशात गडबड सुरू झाली. त्यांचे निरोप आखूड होत गेले. एका निरोपात मागे माणसांचा गोंगाट होता, आणि त्यात ते वाक्य नव्हतं. त्यानंतर फोन बंद. त्यांच्या विभागातल्या कुणीतरी मला दोन ओळी पाठवल्या: सरांना विद्यापीठाच्या आवारातून नेलं आहे, कुणी नेलं माहीत नाही, कृपया इथे फोन करू नका.

मी केला नाही. तेवढीच माझी बहादुरी. वर्गात शिकवताना फोन टेबलावर उताणा ठेवते. तो उजळला की माझ्या तोंडचं पाणी पळतं, आणि नाही उजळला तरी तेच.

म्हणून मी मायसमोर बसले होते. सूप पुढ्यात होतं, गव्हाचं पोतं उघडं होतं. मूठ फक्त जिवंत माणसाची निघते; नाही काढली तर ते गेले असं आम्हीच म्हटल्यासारखं, आणि काढली तर पुढे रोज वाट बघणं आलं. आणि मूठवाला गेला असेल तर भाऊबंदकीला सुतक, कुणाच्याच घरी कानबाई बसत नाही. हे माझ्या डोक्यात आलं होतं, पण मी ते उच्चारलं नव्हतं. ते उच्चारलं आबांनी. वर्षभरानंतर ते आमच्या घरी आले, उंबऱ्याशी थांबले, मग आत येऊन खाटेवर बसले. त्याच खाटेवर.

“त्याना काही निरोप?” त्यांनी विचारलं.

“नही,” माय म्हणाली.

“सुतक शे का नही तेच कयत नही. बठ्ठा घरेसना देव अडी बसना.” सुतक आहे की नाही ते कळत नाही म्हणून सगळ्या घरांची कानबाई अडली, यावर आबा चिडलेले होते. मला हसू आलं आणि त्याच क्षणी अंगावर काटाही आला. वर्षभर ज्याला घरचा म्हणायला तयार नव्हते, त्याच्या मरणाचं सुतक मात्र ते मोजायला आले होते. पण एकदा सुतक मोजलं की तो घरचा झालाच, हे आबांच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे.

“तो जित्ता शे,” माय म्हणाली.

“तुले कोनी सांगं?”

“कोनीच नही.”

आबांनी सुपाकडे बघितलं. मग म्हणाले, “काढ मंग मूठ.”

मायने नावं घ्यायला सुरुवात केली. मागून नाव म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून ती मध्येच अडखळत होती. दोनदा चुकली. तेव्हा मी म्हणायला लागले. ती नाव घेई, मी परत म्हणे. शेवटी सरांचं नाव आलं. तिने मूठ भरली, सुपावर धरली आणि सोडली. मी त्यांचं नाव परत म्हटलं. आबाही ते पुटपुटले, उच्चार चुकीचा केला, पण म्हटलं.

कानबाई बसली. गाणी झाली, विसर्जन झालं. सगळ्यांनी आपापले रोट खाल्ले. सरांचा वाटा मायने डब्यात झाकून ठेवला. दर सकाळी ती झाकण उघडून बघायची आणि माझ्याकडे बघायची. मी नाही अशी मान हलवायची. असं करत पौर्णिमेचा आदला दिवस आला. भाऊ म्हणाला, आता परसात खड्डा करतो. तो कुदळ आणायला वळला.

“थांब,” माय म्हणाली. “त्याले मी पुरू देवाव नही.”

तिने रोट ताटात घेतला आणि ताट माझ्यासमोर ठेवलं. मी तिच्याकडे, मग आबांच्या घराच्या दिशेने, मग परत ताटाकडे बघितलं. इतकी वर्षं ज्याचा राग केला तो रोट समोर होता, आणि मला तो नको होता. खाल्ला तर त्यांचा वाटा संपेल असं वाटत होतं. नाही खाल्ला तर परसात खड्डा होता.

रोट वाळून कडक झाला होता. मी एकेक तुकडा मोडून पाण्याच्या घोटाबरोबर गिळला, आणि फोन डाव्या हाताशी ठेवला होता. तो तसाच काळा राहिला. माय म्हणाली, पुढल्या साली तो आला म्हणजे त्याला सांगू, तुझा रोट हिने खाल्ला. मी हो म्हटलं, आणि ताट धुवायला उठले.